दोर कधी ढकलत नाही

फिजिक्सच्या तासाला ताणाची दिशा दाखवायला सांगितली की वर्गातले निम्मे बाण वर जातात, निम्मे खाली. कारण ‘ताण वरच्या दिशेने असतो’ असे आपण पाठ केलेले असते. दोरीला टांगलेल्या दिव्यापुरते ते खरे आहे. पण तीच दोरी छताला मात्र खाली ओढते.

माझे मत असे, की ताणाची दिशा ही पाठ करण्याची गोष्टच नाही. आधी विचारावे, ‘ताण कोणावर?’ मग एकच नियम पुरतो. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून बाण त्या वस्तूपासून दूर, दोराच्या रेषेत काढायचा.

रस्सीखेच घ्या. दोन्ही संघ 2000 न्यूटन बलाने ओढत आहेत आणि दोर जागचा हलत नाही. ताण किती? पुष्कळजण 4000 म्हणतात. उत्तर आहे 2000. एका संघाऐवजी झाड असते, तर तेही तेवढ्याच बलाने ओढते.

हा प्रश्न केवळ मार्कांचा नाही. दोन झाडांना बांधलेल्या दोराच्या मधोमध 60 किलोचा कॅडेट लटकला आहे, असे समजा. त्याचे वजन सुमारे 600 न्यूटन. ताण दोराच्या तिरप्या रेषेत असतो आणि त्याचा फक्त उभा भाग वजन पेलतो. दोर आडव्या रेषेपासून 30 अंश झुकला, तर प्रत्येक बाजूचा ताण 600 न्यूटन. फक्त 5 अंश झुकला, तर सुमारे 3440 न्यूटन, म्हणजे जवळजवळ सहा कॅडेटांचे वजन! दोर जितका ताठ तितका सुरक्षित, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गाठींवरचा भार वाढलेला असतो.

काही मित्र म्हणतात, परीक्षेला सूत्र पुरे. पण आकृतीतला बाण चुकला, तर सूत्र तरी काय करणार? आणि मैदानावर चुकीला निगेटिव्ह मार्किंग नसते, तिथे माणूस पडतो.

म्हणून शिक्षकांना आणि उस्तादांना एक विनंती आहे. या धड्याचा एक तास ऑब्स्टॅकल कोर्सवर घ्या. दोराच्या मध्ये ताणकाटा अडकवा आणि दोन्ही टोके आम्हाला ओढू द्या. काट्यावरचा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला, की बाण कुठे काढायचा हे पाठ करावे लागणार नाही.