लेक आणखी एक वर्ष मागते आहे

लेक डॉक्टर झाली म्हणून तुम्ही गावात पेढे वाटलेत. साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस.ची, पुढे तीन वर्षे त्वचारोगाच्या एम.डी.ची. आता राहुरीला नाही तर श्रीरामपूरला गाळा बघावा, असे मनात धरलेत, तर ती म्हणते, "दादा, कातडीच्या कॅन्सरचं ऑपरेशन शिकायचंय. अजून एक वर्ष." आई डोक्याला हात लावते, स्थळे खोळंबलेली असतात.

हा रोग आपल्याकडे कुठला, असे म्हणाल. तर कंबरेकडे पाहा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली धोतराच्या कॅन्सरची नोंद जगापुढे मांडली. धोतर किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळते. कातडी काळवंडते, चिरते आणि क्वचित तिथली जखम भरतच नाही. भाजल्याच्या जुन्या वणातही असे होते. फार जणांना होत नाही, हे खरे; पण ज्याला होते तो वर्षभर हळद दाबत बसतो. महिना उलटूनही जखम भरली नाही, तर डॉक्टरांकडून तुकडा तपासून घ्यावा.

नाकावर, पापणीवर रोग असला तर किती कापायचे हाच प्रश्न. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक मोज यांनी १९३० नंतरच्या दशकात वाट काढली: पातळ थर काढायचा, त्याच्या सर्व कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि मुळे उरली असतील तेवढ्याच जागी पुन्हा कापायचे. चांगली कातडी वाचते. हे हाताखाली बसूनच शिकावे लागते.

तिकडे ही फेलोशिप साधारण वर्षाची असते, पण वाट बहुधा तिथेच त्वचारोग शिकलेल्यांना. उमेदवार आणि संस्था दोघेही पसंतीची यादी देतात व मेळ जमवला जातो. आपल्या पत्रिका बऱ्या! इकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि मोठ्या रुग्णालयांकडे चौकशी करावी. विद्यावेतन किती, स्वतःच्या हाताने किती शस्त्रक्रिया करू देतात, हे आधी विचारायला लावा. नुसते बाजूला उभे राहायचे असेल तर वर्ष वाया. सरकारी बंधपत्राची सेवा उरली आहे का, तेही पाहा.

अर्जासोबत शिक्षकांची पत्रे लागतात, केलेल्या शस्त्रक्रियांची वही लागते आणि हे का शिकायचे ते एक पान लिहावे लागते. त्या पानावर तिने आजीच्या कंबरेवरचा काळा पट्टा लिहावा. आजीला मात्र आजच रुंद पट्टीची नाडी घालून द्या, आणि गाठ सैल बांधायला सांगा.