पटकथा: जे दिसेल तेच लिहा

‘सुमनला माहेरची आठवण येते. लग्नानंतर आपण किती सोसले, हे तिच्या मनात येऊन जाते.’ कथेत ही वाक्ये खपून जातात, वाचणाऱ्याचे डोळेही पाणावतात. पटकथा वाचणारा दिग्दर्शक मात्र इथे अडतो. पडद्यावर दाखवायचे काय? कथालेखनात हात बसलेली मंडळी पटकथेला हात घालतात, तेव्हा बहुधा याच जागी अडखळतात.

पटकथा प्रेक्षकांसाठी नसते. ती वाचतात छायाचित्रकार, कलादिग्दर्शक, वेशभूषाकार आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक आखणारा साहाय्यक दिग्दर्शक. म्हणून प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर एका ओळीत तीन गोष्टी हव्यात: आत की बाहेर, ठिकाण कोणते, दिवस की रात्र. उदाहरणार्थ, ‘दृश्य 12. आत. सुमनचे स्वयंपाकघर. रात्र.’ ठिकाण किंवा वेळ बदलली की नवे दृश्य.

या ओळीचा आळस महागात पडतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने क्वचितच होते; एका जागेची दृश्ये शक्यतो एकदमच उरकतात. एकाच खोलीला तुम्ही पाचव्या पानावर ‘सुमनचे घर’, चाळिसाव्यावर ‘चाळीतली खोली’ आणि पुढे नुसतेच ‘घर’ म्हटले, तर यादीत तीन जागा चढतात. ‘रात्र’ लिहायची राहिली, तर तिथले सारे नियोजनच कोलमडते.

आता वर्णन. ते वर्तमानकाळात, छोट्या वाक्यांत आणि डोळ्या-कानांना कळेल तेवढेच. सुमनचा प्रसंग असा लिहिता येईल: ‘सुमन पोळ्या लाटते आहे. मध्येच थांबते. पिठाचे हात पदराला पुसून डब्याखालचे आंतर्देशीय पत्र काढते. बाहेरून सासूची हाक. पत्र न उघडताच ती पुन्हा डब्याखाली सरकवते.’ आठवण नाही, सोसणे नाही, आणि तरी दोन्ही आहेत. शिवाय पत्र, डबा, पीठ ही सामानाची यादीही आपोआप तयार झाली!

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) या नजरेने पुन्हा पाहावा. मारलेले डुक्कर उचलून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे. कोणी काही बोलत नाही. हा प्रसंग कागदावर उतरवायला दोन-तीन ओळी पुरतील. त्यात ‘विषमता’ हा शब्द घातला तर उलट तो हलका होईल.

नवशिक्यांना ‘क्लोजअप’, ‘झूम’ लिहायची भारी हौस असते. ते काम दिग्दर्शकाचे. पत्राकडे लक्ष वेधायचे असेल तर पत्राचे वाक्य नव्या परिच्छेदात टाका, समजणाऱ्याला समजते.

मांडणीच्या दोन तऱ्हा आपल्याकडे दिसतात. जुन्या पद्धतीत पानाचे दोन भाग करून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद लिहितात. हॉलिवूडच्या पद्धतीत वर्णन पानभर आणि संवाद मधल्या पट्ट्यात येतो; तिथे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. इंग्रजीत पात्र प्रथम येताना त्याचे नाव मोठ्या लिपीत देतात. देवनागरीत ती सोय नाही, तेव्हा नाव अधोरेखित केले तरी चालते. पद्धत कोणतीही घ्या, शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा, आणि पानांवर क्रमांक घालायला विसरू नका.