शब्बाथचा कायदा जावो, कष्टकऱ्याचा विसावा राहो

देवाच्या नांवानें दुकानास सरकारी कुलूप लावावें कीं नाहीं, हा वाद पाश्चात्य देशांत पुष्कळ वर्षें चालला आहे. आमचे शेतकरी व कारागीर बंधु म्हणतील, 'साहेबाच्या रविवाराशीं आम्हांस काय करावयाचें?' आमचें सांगणें असें कीं, या वादाच्या पोटांत कष्टकऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या दारापर्यंत येऊन पोंचला आहे.

शब्बाथ म्हणजे यहुदी लोकांचा विसाव्याचा वार, शनिवार. त्यांच्या धर्मग्रंथांत त्या दिवशीं धन्याबरोबर दासदासींस, बैलास व गाढवासहि विसावा सांगितला आहे. ही गोष्ट कुणब्याच्या पोरासहि लगेच पटेल. पोळ्याच्या दिवशीं आपणहि बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. पुढें ख्रिस्ती लोकांनीं रविवार धरला. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन यानें सन ३२१ मध्यें हुकूम काढला कीं, रविवारीं न्यायाधीशांनीं, शहरवासीयांनीं व कारागिरांनीं काम बंद ठेवावें. शेतकऱ्यास मात्र मोकळीक असावी, कारण पेरणीची वेळ कोणासाठीं थांबत नाहीं. बादशहासहि वाफशाची किंमत ठाऊक होती!

या विसाव्याचा जुलूम कसा झाला तें पाहा. इंग्लंडांत १६७७ सालीं कायदा झाला. व्यापारी, कारागीर किंवा मजूर यानें रविवारीं आपला नेहमींचा धंदा केला तर पांच शिलिंग दंड. दंड भरण्याची ऐपत नसेल तर दोन तास चारचौघांसमोर पाय खोड्यांत! ज्याचें पोट हातावर नाहीं, त्या जमीनदारास या कायद्याची झळ ती काय लागणार? लोहाराचा भाता बंद, चांभाराची आरी बंद. परंतु घरांतील स्वयंपाकास त्याच कायद्यानें सूट दिली होती. म्हणजे वाड्यांतल्या आचाऱ्यास रविवार नव्हताच. देवाची भक्ति कारागिरानें करावी आणि ताट धन्याचें वाढलेलें असावें, असा हा न्याय. हा कायदा पुस्तकांतून निघावयास १९६९ साल उजाडलें.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं कांहीं यहुदी दुकानदार होते. शनिवारीं त्यांचें दुकान धर्मानें बंद, रविवारीं कायद्यानें बंद. शेजारी सहा दिवस विकी, हे पांच दिवस. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६१ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, हा कायदा आतां सर्वांच्या समान विश्रांतीसाठीं आहे; दुकानदार हरले. ज्या विश्रांतीनें एकाच्या ताटांतला घांस जातो आणि दुसऱ्याच्या ताटांत पडतो, तिला समान म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

याहून शहाणपणाची वाट कानडा देशांत निघाली. तेथें १९०६ पासून प्रभूच्या दिवसाचा कायदा होता. कॅल्गरी शहरीं एका दुकानानें १९८२ सालीं रविवारीं माल विकला, त्यावर खटला झाला, आणि १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदाच रद्द केला. एका धर्माचा शब्बाथ सर्वांवर लादणें सरकारचें काम नव्हे, असें ठरविलें. पण दुसऱ्याच वर्षीं, १९८६ सालीं, त्याच न्यायालयानें ऑन्टारिओ प्रांताचा रविवार-सुटीचा कायदा कायम ठेवला. कां? तर त्याचा हेतु दुकानांतील नोकरांस विसावा देणें हा होता, आणि शनिवार पाळणाऱ्या लहान दुकानदारास त्यांत रविवारीं दुकान उघडण्याची सूटहि होती. घरचीं सारीं माणसें एका दिवशीं एकत्र जेवावींत, ही इच्छा खोटी नाहीं. ती अशा रीतीनें साधतां येते. या दोन निकालांत आमचें सारें म्हणणें आलें.

आतां दुसरी बाजू. शब्बाथचा कायदा मोडा म्हणणारांत सगळेच न्यायाचे कैवारी नसतात. मोठा दुकानदार गिऱ्हाइकाची सोय पुढें करतो आणि मागून नोकराचा दिवस उचलतो. इंग्लंडनें १९९४ सालीं दुकानें खुलीं केलीं, तेव्हां रविवारीं काम नाकारण्याचा हक्कहि दुकानांतील नोकरांस दिला. हें ठीक झालें. उलट मॅसॅच्युसेट्स राज्य पाहा. तेथें रविवारीं दुकानें उघडण्याची मुभा देतांना नोकरांस दीडपट मजुरी ठरली होती. २०१८ च्या कायद्यानें ती दरवर्षीं थोडी थोडी कापली आणि २०२३ च्या आरंभीं संपविली. त्याच कायद्यानें किमान मजुरी वाढविली हें खरें. पण रविवारची भाकर चतकोर चतकोर करून गेली, हेंहि खरें.

आपल्याकडे रविवार कोणा पाद्र्यानें दिला नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटीच नव्हती. 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून कामगार जमवून ती मागितली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं ती कबूल केली. रविवार हा आपल्या खंडोबाचाहि वार; पण ती मागणी मुळांत थकलेल्या अंगाची होती. महाराष्ट्रांत २०१७ सालीं नवा कायदा होऊन दुकानें आठवड्याचे सातहि दिवस उघडीं ठेवण्यास परवानगी मिळाली. प्रत्येक कामगारास आठवड्यांतून एक सुटी द्यावी असें त्यांत लिहिलें. परंतु तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसच लावला. मग चार पोरें राबविणाऱ्या दुकानांतल्या आमच्या पोरानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. धर्माच्या नांवानें धंदा बंद करणारा कायदा जेथें असेल तेथें मोडावा. पण त्याच कागदावर लिहून ठेवावें कीं, सात दिवसांत सलग चोवीस तास प्रत्येक राबणाऱ्याचे; तो वार शक्य तों ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणें; सुटी मागितली म्हणून नोकरी जाणार नाहीं; आणि दुकान लहान म्हणून माणूस लहान ठरणार नाहीं. दुकान सातहि दिवस उघडें राहो, त्याला पाय दुखत नाहींत. माणसाचे दुखतात.

बंधूंनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी शहरांत दुकानांत कामास असेल, तर पगार किती हें जसें विचारतां, तसें 'तुझ्या सुटीचा वार कोणता?' हेंहि विचारा. उत्तर देतां आलें नाहीं, तर दहा जण मिळून मालकास विचारा. १८९० सालीं सुटी अशीच मिळाली होती.