निदानाचा हक्क ग्राहकाचा

वसई-विरार पट्ट्यातील नोकरदाराची मोटार बहुधा आठवड्यातील सहा दिवस इमारतीखाली उभी असते. मालक लोकलने मुंबई गाठतो. रविवारी तो किल्ली फिरवतो, तेव्हा गाडी नुसता ‘टक्’ असा आवाज करून गप्प होते. मग गॅरेजमधून माणूस येतो, बॅटरी ‘गेली’ असे सांगतो आणि काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसविली जाते. जुनी खरोखरच निकामी झाली होती काय, हे मालकाला कधीच कळत नाही. ग्राहकाच्या या अज्ञानाची किंमत किती, हा खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर बाजारच कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये दुरुस्तीसारख्या सेवांचा विचार केला. तेथे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो. शिवाय उपचारानंतरही निदान खरे होते की नाही, हे ग्राहकाला पडताळता येत नाही. कारागीर प्रामाणिक असला तरी ही विषमता संपत नाही. कारण त्याचा प्रामाणिकपणा ओळखण्याचेही साधन ग्राहकापाशी नसते.

वस्तुतः मोटारीच्या विजेपुरते तरी हे साधन अगदी स्वस्त आहे. साधा मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर त्याने १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दाखविला, तर ती पुरेशी भरलेली आहे. आकडा १२ च्या खाली गेला, तर ती उतरली आहे. पण उतरलेली बॅटरी म्हणजे निकामी बॅटरी नव्हे. इंजिन सुरू केल्यावर आकडा सामान्यतः १३.८ ते १४.४ पर्यंत चढतो. तो मुळीच चढला नाही, तर दोष अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या जोडणीत शोधावा लागतो.

आपल्याकडील दोन कारणे तर नित्याचीच आहेत. बॅटरीतील आम्लाची वाफ आणि किनाऱ्याची खारी, दमट हवा यांमुळे टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचते. सेल्फ फिरताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. १५० अँपिअरला सांध्यात ०.०२ ओहम एवढाच रोध झाला, तरी ३ व्होल्ट तेथेच वाया जातात. अशा वेळी टर्मिनल घासून घट्ट बसविणे पुरते. दुसरे कारण गाडी उभी राहण्याचे. बंद गाडीतही घड्याळ, कुलूप-यंत्रणा यांसाठी ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह चालू असू शकतो. सहा दिवसांत ही गळती सुमारे ७ अँपिअर-तास, म्हणजे लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा होते.

अर्थात या घरगुती तपासणीला मर्यादा आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. बॅटरीची मायनस जोडणी आधी सोडवावी व शेवटी जोडावी. फ्यूज त्याच अँपिअरचा घालावा. त्याच्या जागी तारेचा तुकडा बसविणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. एअरबॅगच्या पिवळ्या आणि विजेवरील वा हायब्रिड गाडीच्या नारिंगी तारांना हात लावू नये. जुलै २०१८ च्या पावसात हा सारा परिसर पाण्याखाली गेला होता. तशा पाण्यात बुडालेली गाडी किल्ली फिरवून ‘पाहू’ नये.

यावर कोणी म्हणेल की, श्रमविभागणीच्या युगात शिक्षकाने वा कारकुनाने बॅटरी का तपासावी? आक्षेप रास्त आहे. पण येथे अपेक्षा दुरुस्तीची नसून निदानाची आहे. ताप मोजणारा मनुष्य डॉक्टरचे काम हिरावून घेत नाही. व्होल्टचा आकडा सांगणाऱ्या ग्राहकाशी कारागीरही निराळ्या पातळीवर बोलतो, आणि चांगल्या कारागिराला त्याचा लाभच होतो.

खरी अडचण पुढेच आहे. नव्या गाड्यांतील दोषांची नोंद संगणकात होते आणि ती पुरतेपणी वाचण्याची साधने बऱ्याच अंशी उत्पादकाच्या हाती असतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग व निदानाची साधने खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दलच. त्यावर अपिले झाली आणि वर्षे लोटली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळही सुरू झाले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

पैसे देऊन घेतलेली वस्तू का बंद पडली, हे जाणण्याचा अधिकार तिच्या किमतीतच अंतर्भूत असला पाहिजे. दोषाची नोंद मालकाला आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजला वाचता आली पाहिजे, असे बंधन उत्पादकांवर कायद्यानेच घालावयास हवे. ते होईतो आपल्या हाती मल्टीमीटर आहे. निदान त्याचा तरी उपयोग करण्याचा आळस ग्राहकाने करू नये.