थंडीची परीक्षा

आमच्या जुळ्या नगरांना थंडीचा उद्योग परका नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या हैदराबाद ऑल्विनचे फ्रिज एके काळी येथील घरोघरी परिचयाचे होते. सिकंदराबादेपासून जवळच्या बालानगरात तर फ्रिजचे हृदय म्हणावा असा कॉम्प्रेसरच तयार होत आला. श्रीराम समूहाचा हा उद्योग १९९७ साली टेकमसे या अमेरिकन कंपनीकडे गेला.

कॉम्प्रेसर किती थंडी देतो, हे ठरवावयाचे कसे? वाचकहो, थंडी ही मोजण्याजोगी वस्तूच नव्हे. मोजता येते ती उष्णता. म्हणून परीक्षकांनी एक सुरेख युक्ती योजिली आहे. बंदिस्त, उष्णतारोधक भांड्यात थंड होणारी नळी ठेवतात आणि त्याच भांड्यात विजेच्या हीटरने उष्णता पुरवीत राहतात. नळी जितकी उष्णता ओढून नेते तितकीच हीटर देऊ लागला, की आतील दाब स्थिरावतो. तेव्हा हीटरला लागणारी वीज, अधिक बाहेरून झिरपणारी किंचित उष्णता, हेच थंडीचे माप. समजा, हे माप १५० वॅट भरले आणि कॉम्प्रेसरने स्वतः १०० वॅट वीज घेतली, तर त्याचा कार्यगुणांक दीड झाला.

मात्र ही परीक्षा ठरलेल्या परिस्थितीतच होते. घरगुती कॉम्प्रेसरच्या एका रूढ कसोटीत नळीत द्रव उकळण्याचे तापमान उणे २३.३ अंश, वायूचा पुन्हा द्रव होण्याचे ५४.४ अंश आणि भोवतालच्या हवेचे ३२.२ अंश सेल्सिअस असते. हे अपूर्णांक चमत्कारिक वाटतात खरे. पण ते फॅरनहाइटमधील उणे १०, १३० आणि ९० या सरळ आकड्यांचेच रूपांतर होय.

आमच्याकडे वैशाखात पारा ४० च्या पुढे जातो. मग कागदावरचा दीड स्वयंपाकघरात दीड कसा राहील? प्रत्येक तापमानाला चाचणी घेणे परवडत नाही. म्हणून काही निवडक चाचण्यांवरून वरील पहिल्या दोन तापमानांचे दहा पदांचे बीजगणिती सूत्र बसवितात आणि मधल्या स्थितींची उत्तरे त्यातून काढतात. चाचण्यांच्या मर्यादेत हे सूत्र विश्वासू असते; मर्यादेपलीकडे मात्र तेच सूत्र बेधडक चुकीचे उत्तर देते. सहामाहीच्या गुणांवरून वार्षिकाचा अंदाज बांधता येतो, उभ्या आयुष्याचा नव्हे, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

गृहिणींना यातून घ्यावयाचे ते इतकेच. फ्रिजमधून काढलेली उष्णता त्याच्या पाठीतून वा कुशीतून बाहेर पडते. तिला वाट मिळाली नाही, तर तो ५४.४ चा आकडा वर चढतो, थंडी घटते आणि विजेचे बिल फुगते. तेव्हा फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये, शेगडीशेजारी तर मुळीच नको; आणि मागे जाळी असल्यास तिच्यावरची धूळ उन्हाळ्यापूर्वी झाडावी. कारखान्यातील परीक्षा आपल्या हाती नाही. घरातील परिस्थिती मात्र आहे.