पोटातला जिवाणू तरुणपणीच शोधायला हवा

जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. बघता बघता आरोग्य यंत्रणा गावात उतरली. पाण्याचे नमुने गेले, रक्त तपासले गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकेही आली. टक्कल डोळ्यांना दिसत होते, त्यामुळे चौकशी तातडीने झाली. जठरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसलेल्या जिवाणूची अशी चौकशी कोणी करत नाही. देशातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत भारतातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो आढळला आहे, आणि बुलढाणा त्याला अपवाद असण्याचे काही कारण नाही.

या जिवाणूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, डॉक्टरांच्या बोलीत एच. पायलोरी. तो बहुतेकांना लहानपणीच गाठतो: घरातल्या मोठ्यांकडून, भावंडांकडून, उष्ट्याखरकट्यातून, दूषित पाण्यातून. एकदा शिरला की औषधाशिवाय सहसा जात नाही. बऱ्याच जणांना तो जन्मभर त्रासही देत नाही. काहींना मात्र जठराची सूज, अल्सर, आणि थोड्यांना जठराचा कर्करोग देऊन जातो.

खामगाव असो की मेहकर, सकाळी मेडिकलवर थोडा वेळ थांबले तरी पोटाचे दुखणे आपल्याकडे कसे हाताळले जाते ते कळते. ‘गॅसची गोळी द्या’ म्हणत एक जण पट्टीतून दोन गोळ्या तोडून नेतो. दुसरा पातळ औषधाची बाटली मागतो. चिठ्ठी क्वचितच कोणाच्या हातात असते. घरी गेल्यावर दोष ठेच्याला, उपवासाच्या साबुदाण्याला आणि जागरणाला. जळजळ थांबते, गोळी संपते, महिन्याभरात पुन्हा तेच. पोटात जिवाणू असेल तर या गोळ्यांनी आम्ल तेवढे कमी होते, तो जागचा हलत नाही.

अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो हा समज एके काळी जगभरच्या डॉक्टरांचाही होता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२च्या सुमारास जठरातला हा जिवाणू वेगळा करून दाखवला, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. १९८४मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. २००५मध्ये या दोघांना नोबेल मिळाले. त्याआधीच, १९९४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एच. पायलोरीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले होते. तंबाखू त्याच गटात आहे.

२०२२मध्ये जगात जठराच्या कर्करोगाचे साडेनऊ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. भारतातले नवे रुग्ण साठ हजारांच्या वर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या याच कर्करोग संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२५मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. २००८ ते २०१७ या काळात जन्मलेल्या जगभरच्या मुलांपैकी सुमारे १ कोटी ५६ लाख जणांना आयुष्यात कधी तरी हा कर्करोग होईल, आणि त्यातल्या सुमारे ७६ टक्के रुग्णांच्या मुळाशी एच. पायलोरी असेल, असे त्यांचे गणित आहे. ही मुले आज शाळा-कॉलेजात आहेत.

वयाचा मुद्दा कळीचा आहे. जिवाणूमुळे जठराच्या अस्तराला आधी कायमची सूज येते, मग अस्तर झिजते, त्यातल्या पेशी आपले रूप बदलतात आणि काहींच्या बाबतीत शेवटी गाठ होते. या प्रवासाला अनेक दशके लागतात. अस्तर झिजण्याआधी जिवाणू काढला तर धोका सर्वांत जास्त घटतो. पन्नाशीनंतर काढला तर फायदा होतो, पण झालेली झीज बऱ्याचदा भरून निघत नाही.

म्हणूनच जपानच्या सागा प्रांताने २०१६पासून माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांची तपासणी सुरू केली. आधी लघवीची चाचणी, त्यात संशय आला तर शौचाची, आणि जिवाणू सापडला तर उपचार. युरोपीय संघाच्या एका प्रकल्पात तिशी ओलांडलेल्या तरुणांची तपासणी करून पाहिली गेली. सर्वांत बोलका दाखला तैवानच्या मात्सू बेटांचा आहे. तिथे २००४पासून तीस वर्षांवरच्या सगळ्यांना तपासून औषध दिले गेले. जिवाणूचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि जठराच्या कर्करोगाचे नवे रुग्ण निम्म्याहून अधिक घटले.

मग बुलढाण्यातही उद्यापासून सरसकट सगळ्यांना तपासावे का? तसे करू नये. मात्सूत आणि जपानमध्ये हा कर्करोग मुळातच फार. भारतात जिवाणू उदंड, पण कर्करोग त्या मानाने कमी, आणि हे कोडे वैद्यकशास्त्राला जुने आहे. देशातही चित्र एकसारखे नाही. मिझोराममध्ये, विशेषतः ऐझॉलमध्ये, जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वांत वरचे आहे. धुरावलेले, खारवलेले मांस-मासे आणि तंबाखूचा धूर मुरवलेले ‘तुइबुर’ नावाचे पाणी यांच्याकडे तिथले संशोधक बोट दाखवतात. महाराष्ट्राचे आकडे त्यापेक्षा बरेच खाली आहेत. जिवाणूच्या जोडीला मीठ, तंबाखू, आहार आणि घराण्याचा वारसा आला की धोका वाढतो.

दुसरी अडचण औषधांची. उपचारात दोन किंवा अधिक जिवाणूनाशके, आम्ल दाबणारी गोळी आणि बहुधा बिस्मथ, असे चौदा दिवस घ्यावे लागते. तोंड कडवट होते, मळमळते, आणि पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून पुडी फळीवर पडून राहते. जुलाबावर उठसूट घेतलेल्या मेट्रोनिडाझोलला आपल्याकडचे अनेक जिवाणू आधीच पुरून उरले आहेत. लाखो निरोगी तरुणांना अशी औषधे सरसकट वाटली तर हा प्रश्न आणखी चिघळेल. शिवाय घरातले बाकीचे तसेच राहिले आणि पाणीही तसेच राहिले, तर पुन्हा लागण होऊ शकते.

या अडचणींवर उपाय आहे. तपासणी निवडक आणि शिस्तीची हवी. ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, अशा प्रत्येक तरुणाची तपासणी व्हावी. लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन चढत नाही, अशा मुली-महिलांची व्हावी, कारण एच. पायलोरी लोहाच्या कमतरतेलाही हातभार लावतो. महिनोन्महिने पित्ताच्या गोळ्यांवर जगणाऱ्यांची व्हावी. आणि एकाला जिवाणू सापडला तर घरातल्या सगळ्या मोठ्यांना तपासून एकाच वेळी औषध द्यावे.

चाचणी अवघड नाही. शौचाचा लहानसा नमुना डबीत द्यायचा, किंवा उपाशीपोटी युरियाची गोळी घेऊन थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारायची. जिवाणू पोटात असेल तर तो युरिया फोडतो आणि त्याची खूण श्वासात उतरते. पथ्य मात्र पाळावे लागते: दोन आठवडे आधी आम्लाची गोळी बंद, आणि जिवाणूनाशक संपून चार आठवडे झालेले हवेत. बाजारात मिळणारी रक्ताची स्वस्त चाचणी यासाठी कामाची नाही, कारण जिवाणू आता आहे की पूर्वी होता हे तिला सांगता येत नाही. आणि औषध संपल्यावर पुन्हा चाचणी झालीच पाहिजे.

बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तीस वर्षांवरच्या लोकांचे आरोग्य तपासणीचे अर्ज भरणाऱ्या आशाताई गावोगाव आहेत. त्या तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची विचारपूस करतातच. त्यात दोन प्रश्नांची भर घालता येईल: घरात कोणाला जठराचा कर्करोग झाला आहे का, आणि किती दिवसांपासून पित्ताची गोळी सुरू आहे?

सुरुवात दोन तालुक्यांपासून व्हावी. एक खारपाणपट्ट्यातला, म्हणजे संग्रामपूर किंवा जळगाव जामोद, आणि दुसरा घाटावरचा, चिखली किंवा देऊळगाव राजा. जास्त मीठ जठराच्या अस्तराला बाधते हे सिद्ध झालेले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पीत आले, त्याचा पोटावर काही परिणाम होतो का, हे अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजून पाहावे. महाविद्यालयाने वीस ते चाळीस वयोगटात जिवाणूचे प्रमाण काढावे, कोणते औषध इथे चालते ते तपासावे आणि वर्षभराने आकडे जाहीर करावेत. जिल्हा नियोजन समितीने त्यासाठी निधी राखून ठेवावा. त्याच तालुक्यांत शुद्ध पाण्याच्या योजनेचे अर्धवट काम पुरे करण्याची तारीखही ठरवावी, कारण औषधाने बरे झालेल्या माणसाला पुन्हा त्याच हंड्यातले पाणी प्यायचे आहे.