गुटखाबंदीचा वार्षिक उरूस

महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे, असे कोल्हापूरच्या बिंदू चौकात उभे राहून मोठ्याने म्हणून पाहा. आजूबाजूच्या टपऱ्या खो खो हसतील. जुलै 2012 मध्ये सरकारने मोठ्या डौलाने ही बंदी पुकारली. अन्नसुरक्षा कायद्याचे कलम एका वेळी वर्षभराचीच मनाई करू देते, म्हणून दर वर्षी नवा हुकूम निघतो. उरूस भरावा तशी बंदी भरते आणि दुसऱ्या दिवशी पुडी आपल्या जागी हजर! फरक एवढाच की विष आता चोरट्या भावाने मिळते. वरचा पैसा कोण खातो, हे ज्याला विचारावे तो दुसरीकडे पाहतो.

हा माल आकाशातून पडतो काय? कर्नाटकातून आलेला गुटखा पकडल्याच्या बातम्या इथे नित्याच्या. गाडी सापडते, ड्रायव्हर सापडतो, पोत्यांसमोर फोटो निघतो. धनी कुठे आहे? कर्नाटकातही 2013 पासून बंदीच आहे. म्हणजे दोन बंदीवाल्या राज्यांमधून, भर महामार्गावरून, निपाणी-कागल करत बंदीचा माल धावतो. ज्या सीमेसाठी 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालला आहे, त्या सीमेवर सरकारला एक टेम्पो अडवता येत नाही!

या राज्यात धुरापेक्षा तोंडातल्या तंबाखूचा कहर मोठा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले, तर चघळणारे आणि मिश्री लावणारे 24.4 टक्के. त्यात मावा आला, आणि माव्यातली सुपारी आली. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते. आधी तिखट सोसत नाही. कोल्हापूरच्या पोराला तांबडा रस्सा नको वाटू लागला की घरच्यांनी समजावे, पाणी कुठे मुरते आहे. मग तोंड उघडेनासे होते, घास जात नाही, आणि काहींच्या नशिबी पुढे कॅन्सर. कमावता माणूस आजारी, बायको दवाखान्यात, शेत गहाण.

आणि वर सरकारची दया पाहा! सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचे ठरवले. विडी वळणाऱ्या बायकांचा एवढा कळवळा असेल तर त्यांची मजुरी वाढवा. धूर कशाला स्वस्त करता?

शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकू नये, असे 2003 चा कायदा सांगतो. मोडला तर दंड किती? फार तर 200 रुपये! पण पोलिसांनी हात बांधल्याचे सोंग करू नये. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. या जिल्ह्यात त्या कलमाखाली आजवर किती जण तुरुंगात गेले, तो आकडा पोलीस अधीक्षकांनी जाहीर करावा. शून्य असेल तर शून्य लिहावे, खाली सही करावी.